घरबसल्या ऑनलाइन इंग्रजी शिकवून कमाई: नागपूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

घरी बसून इंग्रजी शिकवायचं म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे परदेशी विद्यार्थी आणि डॉलरमधली फी येते. माझा सल्ला वेगळा आहे. नागपुरातून शिकवणाऱ्या मराठी माणसाचा सगळ्यात चांगला विद्यार्थी काटोल, उमरेड, सावनेर, वर्धा, भंडारा इथे आहे, नाहीतर आपल्याच शहरात किंवा अगदी लगत, हुडकेश्वर, वाडी, कामठीत आहे. त्याला मराठी कळणारा आणि त्याची चूक कुठून आली हे ऐकताक्षणी ओळखणारा शिक्षक हवा आहे. तो त्याला लंडनमध्ये मिळणार नाही. तुमच्याकडे मिळेल, आणि फी त्याचीच मिळते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. तुम्ही सध्या शाळेत शिक्षक असाल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २८ वाचा. शिक्षकांना खाजगी शिकवणी घ्यायला त्यात मनाई आहे. त्यामुळे हा लेख गृहिणी, शाळेतली नोकरी सोडलेले, निवृत्त झालेले, एम.ए. किंवा बी.एड. करणारे विद्यार्थी अशांसाठी आहे.

पायरी १: एकच विद्यार्थी-गट निवडा

‘सर्वांसाठी इंग्रजी’ अशी जाहिरात कोणी वाचत नाही. आईला तिच्या सातवीतल्या मुलासाठी कोणीतरी हवं असतं, तेवढंच. आपल्या भागात मला चार गट स्पष्ट दिसतात.

पहिला गट राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी-इंग्लिश शाळांतल्या पाचवी ते आठवीच्या मुलांचा. या मुलांना पहिलीपासून इंग्रजी असतं, सेमीवाल्यांना गणित-विज्ञानही इंग्रजीतून असतं, पण वर्गात बोलायची वेळ क्वचित येते. दुसरा गट दहावीचा. इंग्रजीच्या १०० पैकी ८० गुण लेखी परीक्षेचे, २० तोंडी आणि अंतर्गत. इथे पालक फी द्यायला तयार असतात, पण विद्यार्थी मार्चनंतर निघून जातो. तिसरा गट हिंगणा रोडवरच्या आणि आजूबाजूच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांचा. मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, मुलाखतीला बोलवणं येतं, आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ या पहिल्याच प्रश्नाला मुलगा गडबडतो. चौथा गट आयांचा. मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, शाळेतल्या सभेत बोलावं लागतं, आणि स्वतःचं शिक्षण मराठीतून झालेलं.

नवशिक्या शिकवणाऱ्याने पहिला गट घ्यावा असं माझं ठाम मत आहे. मूल तीन-चार वर्षं तुमच्याकडे टिकू शकतं, धाकटं भावंड मागून येतं, आणि मुलगा बोलायला लागला की आई आपणहून शेजारी सांगते. आयांच्या गटाकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. दुपारी दोन ते चार ही वेळ त्यांना मोकळी असते आणि तुमच्याकडेही तेव्हा मुलांचा वर्ग नसतो. दुसरी बॅच काढायची तर त्यांचीच काढा.

आयईएल्ट्सचा, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेचा, मोह सुरुवातीला आवरा. ती परीक्षा शिकवायला स्वतः ती दिलेली असावी, उत्तरं कशी तपासतात हे नेमकं माहीत असावं. ते नंतर करता येईल.

पायरी २: आपलं इंग्रजी तपासा

युरोपात भाषेच्या पातळ्या मोजायची ए-१ ते सी-२ अशी सहा टप्प्यांची पद्धत आहे आणि आता ती जगभर वापरतात. शाळकरी मुलं बहुधा ए-१ किंवा ए-२ वर असतात. त्यांना शिकवायला तुम्ही निदान बी-२ वर, म्हणजे चौथ्या टप्प्यावर, असायला हवं. ईएफ सेट ही मोफत ऑनलाइन चाचणी दिली की अंदाज येतो.

दुसरी तपासणी घरच्या घरी करा. बालभारतीच्या संकेतस्थळावरून बारावीचं युवकभारती इंग्रजीचं पुस्तक मोफत उतरवून घ्या, एक पान मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. मग पुस्तक मिटून त्या पानावर दोन मिनिटं बोला आणि तेही रेकॉर्ड करा. वाचताना अडखळलात तर फार बिघडत नाही. बोलताना वाक्यं अर्धवट सुटत असतील, तर दोन-तीन महिने रोज बीबीसी लर्निंग इंग्लिश ऐका, ऐकलेलं आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा, आणि मगच फी घ्या. पालकांचे पैसे कष्टाचे असतात.

शिकवण्याचं ऑनलाइन प्रमाणपत्र लगेच विकत घेऊ नका. आपल्याकडचे पालक ते विचारत नाहीत. मूल काय बोलतं, एवढंच ते बघतात.

पायरी ३: सामान, आणि नागपूरचा उन्हाळा

लॅपटॉप जुना चालेल. ब्रॉडबँड हवं, आणि ते गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार हवा. वीज गेली की राउटर बंद पडतो, म्हणून राउटरला इन्व्हर्टरची लाइन द्या किंवा राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. पैसे वाचवायचे तर कॅमेऱ्यावर वाचवा, आवाजावर वाचवू नका. वायरचा, तोंडाजवळ माइक येणारा हेडफोन लागतोच. भाषेच्या तासात मुलाला ‘पेन’ आणि ‘पॅन’ यातला फरक ऐकू आला नाही, तर तो तास फुकट.

आता कूलर. एप्रिल ते जून कूलरशिवाय नागपुरात बसता येत नाही, आणि तो पंखा माइकमधून समोरच्याला रेल्वे गेल्यासारखा ऐकू येतो. उपाय तीन. उन्हाळ्यात तास सकाळी सात ते नऊमध्ये बसवा. नंतरचा तास असेल तर खोली आधी अर्धा तास थंड करून घ्या आणि तासाला कूलर एकदम कमी वेगावर ठेवा किंवा शेजारच्या खोलीतून हवा येऊ द्या. आणि झूम वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये पार्श्वभूमीचा आवाज दाबायची सोय ‘हाय’वर ठेवा. मुलाच्या घरीही कूलर असतोच. त्यालाही हेडफोन लावायला सांगा, आणि बोलायची पाळी नसेल तेव्हा म्यूट व्हायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा.

झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी बंद पडते. गूगल मीटवर तिघे किंवा जास्त जण असतील तर मोफत खात्यात ६० मिनिटं मिळतात, आणि दोघांच्या तासाला अशी अडचण येत नाही. ४५ मिनिटांची बॅच असेल तर मीट सोयीचं.

एक गोष्ट शिकवणारे विसरतात. तुम्ही लॅपटॉपवर असता, मूल मात्र बहुतेक वेळा आईच्या मोबाइलवर असतं. पडद्यावर एका वेळी दोन वाक्यांपेक्षा जास्त टाकू नका, अक्षर मोठं ठेवा, आणि नवं पान केलं की आधी आपल्याच फोनवरून बघा.

पायरी ४: तास कसा घ्यायचा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण विद्यार्थी टिकतो तो इथेच.

४५ मिनिटांतली २५ मिनिटं मुलं बोलली पाहिजेत. चार मुलांची बॅच असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटं येतात, म्हणून पाचपेक्षा जास्त मुलं एका बॅचमध्ये घेऊ नका. सुरुवातीची पाच मिनिटं कालच्या दिवसावर. मग दहा-बारा मिनिटं वाचन. त्यासाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ मला सगळ्यात उपयोगी वाटतं. २०१५ पासून चालू असलेलं हे मोफत भांडार आहे, गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, आणि अनेक गोष्टी मराठीतही मिळतात. मूल आधी मराठीत गोष्ट वाचून आलं की इंग्रजी वाचताना घाबरत नाही. शाळेचं पुस्तक म्हणजे मराठी माध्यमाच्या दहावीचं ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ किंवा खालच्या वर्गांचं ‘माय इंग्लिश बुक’. त्यातला चालू धडा आठवड्यातून एकदा घ्या, म्हणजे पालकांना मार्कांची काळजी राहत नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्न इंग्लिश किड्सवर खेळ आणि गाणीही मोफत आहेत.

आता चुकीबद्दल. समजा सहावीतला मुलगा सांगतो, ‘यस्टरडे आय वॉज गॉन टू मार्केट.’ इंग्रजीच मातृभाषा असलेल्या शिक्षकाला ही चूक विचित्र वाटेल. तुम्हाला ती लगेच कळते: मुलाच्या डोक्यात ‘काल मी बाजारात गेलो होतो’ आहे, आणि ‘होतो’साठी त्याने ‘वॉज’ आणलं. अशा वेळी काळ समजावत बसू नका. मुलाला बोलू द्या, मधे तोडू नका, चूक वहीत टिपून ठेवा. बोलणं संपल्यावर बरोबर वाक्य पडद्यावर लिहा: ‘यस्टरडे आय वेन्ट टू द मार्केट.’ मग त्याला कालच्याच पाच गोष्टी सांगायला लावा, फक्त पाच क्रियापदं देऊन: वेन्ट, सॉ, बॉट, एट, केम. ‘आय वेन्ट टू द मार्केट. आय सॉ ऑरेंजेस. आय बॉट टू केजी.’ दुसऱ्या तासाला तेच पाच शब्द, पण आजीच्या घरच्या भेटीवर. तिसऱ्याला मामाच्या लग्नावर. एका तासात तीनपेक्षा जास्त चुका दाखवायच्या नाहीत. बाकीच्या वहीत राहू द्या, त्यांची पाळी येईल.

मराठी मुलांच्या अशा चुका ठरलेल्या असतात. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’, ‘ही सेड मी’, ‘माय फादर इज फार्मिंग डूइंग’. ‘अ’ आणि ‘द’ सतत गळतात, कारण मराठीत तसं काहीच नाही. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना एकच ‘व’. यांची एक वही करा, प्रत्येक चुकीपुढे तुमचा सराव लिहा. वर्षभरात तीच तुमची अभ्याससामग्री होते, आणि ती कुठल्याही विकतच्या पुस्तकात नाही.

मराठीत किती बोलायचं? मुलाला सूचना कळली नाही तर एकदा मराठीत सांगा आणि पुन्हा इंग्रजीत. चूक समजावताना मराठी मोकळेपणाने वापरा. ‘फक्त इंग्रजीत बोलायचं’ हा नियम घाबरलेल्या मुलाला आणखी गप्प करतो.

प्रगती पालकांच्या कानावर पडली पाहिजे. पहिल्या दिवशी पालकांना विचारून मुलाचा एक मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करा: ‘माय फॅमिली’, काहीही मदत न करता. आठ आठवड्यांनी तोच विषय, तेवढाच वेळ. दोन्ही आवाज आईला एकापाठोपाठ ऐकवा. कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पायरी ५: पहिले विद्यार्थी

पत्रकं छापू नका. तुमच्या सोसायटीचा, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचा, गावाकडच्या नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. संदेश असा लिहा:

‘नमस्कार. सेमी आणि मराठी माध्यमाच्या सहावी-सातवीच्या मुलांसाठी इंग्रजी बोलण्याची ऑनलाइन बॅच सुरू करत आहे. फक्त ४ मुलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी ६ ते ६.४५. पहिला तास मोफत, पालकांनी सोबत बसावं.’

एवढंच. इयत्ता, संख्या, वार, वेळ. ‘खात्रीशीर’ आणि ‘फाडफाड’ हे शब्द टाळा.

डेमोच्या तासाला आई बहुधा हे म्हणते: “मॅडम, मार्क तर बरे पडतात जी त्याले, पण कोणी इंग्रजीत विचारलं की तोंडच उघडत नाही.” याचं प्रामाणिक उत्तर असं: “ताई, पाठांतर चांगलं आहे त्याचं. स्वतः वाक्य बनवायची सवय नाही. आठ आठवड्यांत तो स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलेल, त्याची तयारी मी करून घेते. मार्कांची हमी मात्र मी देत नाही.” हे ऐकून काही पालक जातील. जे राहतील ते महिन्याला भांडणार नाहीत.

पायरी ६: फी ठरवणं

फी ठरवताना शेजारच्या क्लासची फी विचारण्याआधी आपला तास मोजा. एक उदाहरण घेऊ. आठवड्याला तीन, म्हणजे महिन्याला १२ तास, प्रत्येक ४५ मिनिटांचा. प्रत्येक तासाच्या तयारीला आणि निरोपांना २० मिनिटं धरा. महिन्याला १३ तासांचं काम झालं. एकाच मुलाला २,५०० रुपयांत शिकवलं तर ताशी १९० रुपयांच्या आसपास पडतात. चार मुलांची बॅच, प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे ४,८०० रुपये आणि ताशी सुमारे ३७०. पालकांना निम्म्याहून कमी फी, तुम्हाला जवळपास दुप्पट. आणि त्याच पातळीची दुसरी बॅच काढली तर तयारी एकदाच करावी लागते: ९,६०० रुपये, २२ तास, ताशी ४३५ च्या वर. म्हणून वेगवेगळ्या इयत्तांच्या पाच बॅच घेण्यापेक्षा एकाच पातळीच्या तीन बॅच बऱ्या. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, हिशेब असाच करा.

फी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, आगाऊ. मुलाने तास बुडवला तर तो भरून मिळणार नाही, तुम्ही बुडवला तर भरून द्यायचाच, हे पहिल्या दिवशी लिहून पाठवा. शेतकरी कुटुंबांसाठी मी एक मोकळीक सुचवते: तीन महिन्यांची फी एकदम, संत्रा किंवा कापूस विकला गेल्यावर. काटोल-वरूड पट्ट्यात दरमहा पैसे येत नाहीत, म्हणून चांगलं मूल सुटू नये.

पैसे यूपीआयने घ्या, त्यासाठी बँकेत वेगळं खातं ठेवा. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. शिकवणी घेणाऱ्यांना ठरलेला फोन येतो. समोरचा स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवतो, मुलीची वर्षभराची फी आगाऊ देतो म्हणतो, आणि एक क्यूआर कोड पाठवून स्कॅन करायला सांगतो. फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा. ‘नोंदणी शुल्क भरा, विद्यार्थी आम्ही देतो’ म्हणणाऱ्यांनाही दारातूनच परत पाठवा.

परदेशी संकेतस्थळांचं काय?

करून बघायला हरकत नाही, पण अटी वाचून. शिक्षक आणि विद्यार्थी जुळवून देणाऱ्या प्रेप्लीवर पहिल्या चाचणी तासाची सगळी फी संकेतस्थळ ठेवतं, पुढे ३३ टक्क्यांपासून कमिशन सुरू होतं आणि तास वाढतील तसं उतरतं. एकाच ठिकाणावर घर चालवू नका. चीनने जुलै २०२१ मध्ये खाजगी शिकवण्यांवर कडक नियम आणले, तेव्हा तिथल्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांचं काम पाहता पाहता गेलं. उमरेडच्या चार आयांचा विश्वास असा एका आदेशाने जात नाही.

मुलांची सुरक्षितता आणि कागदपत्रं

मुलाशी खाजगी चॅट नको. सगळे निरोप पालकांच्या नंबरवर, सगळ्यांच्या ग्रुपवर. तास चालू असताना घरातलं मोठं माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर असावं, हे पालकांना स्पष्ट सांगा. रेकॉर्डिंग पालकांच्या लेखी होकाराशिवाय करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. मुलाचा व्हिडिओ जाहिरातीत टाकायचा मोह तर पूर्णपणे टाळा.

कराचं सोपं आहे. प्रत्येक फीची नोंद वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा, इंटरनेट आणि हेडफोनची बिलं जपा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, पण उत्पन्न ४ लाखांवर गेलं की विवरणपत्र भरावं लागतं. जीएसटीची नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या पुढे लागते, तिथे पोचाल तेव्हा सीए गाठा.

कधी सुरू करायचं

विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे संदेश जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवा, डेमो तिसऱ्यात घ्या, म्हणजे शाळेसोबत बॅच सुरू होते. सीबीएसईचं वर्ष एप्रिलपासून चालतं, ती मुलं हवी असतील तर मार्चमध्येच बोला. पोळा आणि तान्हा पोळ्याला तास ठेवू नका, मुलं येणार नाहीत. त्याऐवजी पुढच्या तासाला आपल्या लाकडी बैलाबद्दल पाच वाक्यं बोलायला सांगा. दिवाळीच्या सुटीत दहा दिवसांची छोटी बॅच लावा, फक्त गोष्टी वाचनाची. नवीन पालक त्या निमित्ताने तुमची पद्धत बघतात, आणि नोव्हेंबरमध्ये दुसरी बॅच तिथूनच भरते.